शेकडा दोन, दरमहा : घरचा हिशोब आणि शाळेचं गणित

(प्रकल्प नोंदी. जिल्हा परिषद शाळा, उदगीर–जळकोट पट्टा, जि. लातूर. इयत्ता पाचवी ते आठवी. शैक्षणिक वर्ष २०२४-२५)

१८ जून २०२४

शाळा सुरू झाली. आठवीत आलेल्या मुलांचे गेल्या वर्षीचे पेपर कपाटातून काढले. सरळव्याजाचं उदाहरण होतं : मुद्दल ५००० रुपये, दर द.सा.द.शे. ५, मुदत २ वर्षे. उत्तर ५००. वर्गातल्या बऱ्याच जणांनी ६००० लिहिलं आहे, आणि तेही एकमेकांचं न बघता. खाडाखोड नाही, भागाकार चुकलेला नाही. पाच हजाराला महिन्याला अडीचशे, चोवीस महिन्यांचे सहा हजार. म्हणजे आकडेमोड पक्की.

आज त्यांना पाचशे हे उत्तर दाखवलं. मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, दोन वर्षांला पाचशेच? असला सावकार कुठं हाय?"

गावात व्याज सांगतात ते शेकडा आणि महिन्याचं. 'शेकडा तीननं घेतले' म्हटलं की ते दरमहा, हे कुणी बोलून दाखवत नाही, गरजच पडत नाही. पुस्तकातलं 'दर साल दर शेकडा' हे बँकेचं बोलणं. मुलांनी सूत्र वाचलं, पण अर्थ घरचा लावला. याला चूक म्हणून गोल करून पुढं जायचं, की इथूनच सुरुवात करायची? या वर्षीचा उपक्रम हाच धरला. घरात, रानात, मोंढ्यात (धान्याच्या बाजारात) हिशोब कोणत्या रीतीनं होतो ते मुलांकडून टिपायचं आणि शाळेच्या रीतीशेजारी मांडून बघायचं.

२ जुलै

व्याजावर दोन तास दिले. फळ्याचे दोन भाग केले, डावीकडे 'शेकडा, दरमहा', उजवीकडे 'द.सा.द.शे.'. शेकडा ३ म्हणजे दसादशे ३६, हे मुलांनीच काढलं. मग २०,००० रुपये, आठ महिने. सावकाराकडे महिन्याला सहाशे, आठ महिन्यांचे ४८००. तेच पैसे पीक कर्जाच्या ७ टक्क्यांनी घेतले तर वर्षाचे १४००, आठ महिन्यांचे ९३३ रुपये ३३ पैसे. वेळेत फेडलं तर केंद्र सरकारच्या सवलतीत ४ टक्केच पडतात, म्हणजे आणखी कमी.

वर्ग जरा वेळ गप्प होता. मग एकानं विचारलं, "मंग समदेच बँकेत कामून जात न्हाईत?" याचं उत्तर गणिताच्या तासात मावत नाही. थकबाकी, सातबारावर आजोबाचंच नाव, जामीनदार, हेलपाटे. पण प्रश्न गणितातूनच निघाला. परवानाधारक सावकारालाही सरकारनं ठरवून दिलेले दर वर्षाचेच असतात, हेही सांगून टाकलं.

एक नियम स्वतःसाठी लिहून ठेवतो. मुलांना 'घरी कोणतं गणित वापरता' असं विचारायचं नाही. 'हा हिशोब कसा केला, मला करून दाखव' असं विचारायचं. पहिल्या प्रश्नाला मुलं सरांना आवडेल ते उत्तर देतात.

५ जुलै

वाचन. 'एथ्नोमॅथेमॅटिक्स' (लोकांच्या रोजच्या जगण्यातलं, संस्कृतीतलं गणित) हा शब्द ब्राझीलच्या उबिरातान द'आंब्रोसिओ यांनी रूढ केला. १९८४ च्या ॲडलेडच्या आंतरराष्ट्रीय गणित शिक्षण परिषदेतल्या त्यांच्या भाषणानंतर हा विषय जगभर बोलला जाऊ लागला. ॲलन बिशप यांनी १९८८ मध्ये मांडलं की मोजणं, ठिकाण सांगणं, मापणं, आकार घडवणं, खेळणं आणि कारण देणं ही सहा कामं प्रत्येक संस्कृतीत सापडतात, गणित त्यातूनच उगवतं. ही सहा कामं मुलांच्या वह्यांना कप्पे म्हणून देता येतील. वाचलेलं यापलीकडे अहवालात भरायचं नाही. आमच्याकडं नवोपक्रमाचा अहवाल म्हटला की निम्मा संदर्भांनीच फुगवतात.

१६ जुलै

मापं. सहावीतल्या एका मुलीची आज्जी शाळेत आली. नातीनं हाताला धरून आणली म्हणायला हवं. पिशवीत पितळी शेर, मापटं, चिपटं. नावं घरोघरी थोडी बदलतात, मण-खंडीचा हिशोब तर गावागणिक आणि धान्यागणिक वेगळा. पण पायलीखालची साखळी सरळ आहे : दोन कोळव्यांचं चिपटं, दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अडशिरी, दोन अडशिऱ्यांची पायली. प्रत्येक पायरीला दुप्पट. म्हणजे पायलीत ३२ कोळवी.

आमच्या केंद्रातल्या (आसपासच्या शाळांच्या गटातल्या) काही शाळांत 'स्थानिक गणित' म्हणून लिटरच्या जागी पायली घालून उदाहरणं देतात. 'रामरावांकडे ५ पायली ज्वारी आहे, त्यांनी २ पायली विकली.' यात पायली निव्वळ शोभेची. पाच वजा दोन ते पाच वजा दोनच. ह्या मापांमधली खरी गोष्ट दुपटीची आहे, ती उदाहरणात उतरतच नाही.

म्हणून मुलांना वेगळा प्रश्न दिला. कोळवं, चिपटं, मापटं, शेर, अडशिरी, प्रत्येकी एकच माप आहे. प्रत्येक माप फार तर एकदाच भरायचं. किती कोळव्यांपर्यंतचं धान्य मापता येईल? सुरुवातीला मुलं एकेक आकडा करून बघत होती. ५ म्हणजे मापटं आणि कोळवं. ११ म्हणजे शेर, चिपटं, कोळवं. २१ म्हणजे अडशिरी, मापटं, कोळवं. हळूहळू ध्यानात आलं की १ पासून ३१ पर्यंत एकही आकडा सुटत नाही, आणि प्रत्येक आकड्याला एकच जुळणी आहे. आठवीच्या एकानं 'भरलं' ला १ आणि 'रिकामं' ला ० लिहून तक्ता केला. २१ म्हणजे १०१०१. संगणक आकडे असेच लिहितो हे त्याला मी नंतर सांगितलं, आधी नाही.

आज्जींना हे गंमतीचं वाटलं. त्यांचं खरं कसब निराळं होतं. पोत्यात हात घालून 'सव्वा दोन पायल्या हायेत' म्हणाल्या, मापून बघितलं तर फरक नावालाच. लायबेरियातल्या क्पेले लोकांबद्दल गे आणि कोल यांनी १९६७ मध्ये असंच नोंदवलं होतं : ढिगात किती भांडी तांदूळ आहे याचा अंदाज तिथल्या न शिकलेल्या शेतकऱ्यांनी अमेरिकन लोकांपेक्षा अचूक केला. अंदाजाला आमच्या वर्गात किंमत नाही. 'अंदाजे सांग' म्हटलं की मुलं घाबरतात, कारण अंदाज चुकला तरी छडीच, अशी पिढ्यान्‌पिढ्यांची सवय.

३० जुलै

पाढे, पण पूर्णांकांचे नव्हेत. गावात ऐंशी ओलांडलेले एक आबा आहेत. निजामाच्या काळात चौथीपर्यंत शिकलेले. पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी तोंडपाठ. औटकीही म्हणून दाखवली : 'एक औट साडेतीन, दोन औट सात, तीन औट साडेदहा...' म्हणजे साडेतीनचा पाढा. आमच्या पोरांना ३.५ × ३ विचारा, आधी दशांशचिन्ह झाकून ३५ × ३ करतात, मग ते चिन्ह कुठं ठेवायचं यावर अडतात.

आणि हीच पोरं दुकानात 'पाउण किलो' मागतात, 'पावणेतीनशे झाले' म्हणतात, 'अडीच हजार उचल' म्हणतात. २७५ ला 'पावणेतीनशे' म्हणणाऱ्याच्या डोक्यात तीनशेला चतुर्थांश शंभर कमी हे गणित आधीच झालेलं असतं. वर्गात मात्र आम्ही २.७५ ला 'दोन पूर्णांक पंचाहत्तर शतांश' वाचायला लावतो. मी यावर्षीपासून दोन्ही वाचायला लावणार, आधी 'पावणेतीन', मग शतांश. पावकी-दिडकीचं पाठांतर परत आणावं असं मात्र वाटत नाही. ते पाढे आणे, शेर, छटाकांच्या जगासाठी होते. १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले आणि त्यांची निम्मी गरज तिथंच संपली.

आबांनी जाता जाता एक मोठं घबाड दिलं. त्यांच्या लहानपणी इकडं हैदराबादचा हाली सिक्का चालायचा आणि इंग्रजी रुपयाला कलदार म्हणायचे. सहा कलदारांना सात हाली. सोलापूरच्या बाजारला निघायचं तर हा बदल डोक्यात करावा लागे. शंभर कलदारांचे हाली किती, हे मी सातवीला दिलं. ७०० भागिले ६, ११६ आणि बाकी ४. बाकीचे आणे करायचे : ४ × १६ भागिले ६, म्हणजे १० आणे, बाकी ४. त्याच्या पै करायच्या : ४ × १२ भागिले ६, ८ पै. एकशे सोळा रुपये, दहा आणे, आठ पै. तीन वेळा भाग दिला आणि बाकी दर वेळी चारच उरली. 'कामून चारच?' यावर तास संपला, उत्तर अजून मिळालेलं नाही. मिळू दे.

१३ ऑगस्ट

मोंढा. आठवीतला एक मुलगा सुट्टीच्या दिवशी वडिलांबरोबर आडतीवर जातो, वडील मापाडी आहेत. सोयाबीनचा भाव ४२०० धरून ७ क्विंटल ३५ किलोचे किती, विचारलं. बोलता बोलता सांगितलं : "सात बेचाळीस दोनशे चौऱ्याण्णव, एकोणतीस हजार चारशे. वर पस्तीस किलो. किलोला बेचाळीस. पस्तीस बेचाळीस चौदाशे सत्तर. तीस हजार आठशे सत्तर." पुढं स्वतःच : "हमाली, तोलाई काटायची राहिली."

नंतर तेच फळ्यावर ७.३५ × ४२०० असं लिहून दिलं. उभी मांडणी केली, आडवी रेघ मारली, उत्तर आलं ३०८७००. तीन लाख. म्हटलं, यातलं बरोबर कोणतं? "मोंढ्यात ते. शाळेत हे."

ब्राझीलमधल्या रेसिफी शहरात नुनेस, श्लीमान आणि कॅरहर यांनी रस्त्यावर विकणाऱ्या मुलांना १९८५ च्या सुमारास असंच तपासलं होतं. ठेल्यावर सवाल तोंडी केले तेव्हा ९८ टक्के उत्तरं बरोबर. तेच आकडे कागदावर नुसत्या बेरीज-गुणाकार म्हणून दिले तेव्हा ३७ टक्के. दहा नारळांची किंमत विचारल्यावर एका मुलानं तीन नारळांचे १०५, आणखी तिनांचे २१०, असं चढत चढत ३५० गाठलं होतं. शेवटी शून्य लावायची युक्ती त्याला शाळेनं शिकवली असणारच, पण ठेल्यावर ती कामी आली नाही. आपल्याकडं मुंबईत होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात असताना अरिंदम बोस आणि के. सुब्रमण्यम यांनी कमी उत्पन्नाच्या वस्तीतल्या मुलांवर असंच काम केलं होतं.

आमच्या मापाड्याच्या मुलाचा हिशोब म्हणजे वितरणाचा नियमच : (७ + ०.३५) × ४२००. त्याला नाव माहीत नाही, रीत माहीत आहे. उभ्या गुणाकारातही हेच तुकडे पडतात, फक्त कुठं पडतात ते दिसत नाही.

२० ऑगस्ट

पहिली-दुसरीच्या बाईंनी विषय काढला. मुलं त्रेसष्ट ऐकून ३६ लिहितात, एकोणसाठला ६९. मराठीत एकक आधी बोलायचा आणि लिहायचा नंतर. वर एकोणवीस-एकोणतीसची वजाबाकी. उदगीरच्या सीमेवर काही घरांत कानडी, तेलुगू बोलतात, तिथं साठ आधी आणि तीन नंतर. त्या घरातल्या मुलांना घरी एक क्रम, शाळेत दुसरा. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' असं वाचन आणलं तेव्हा केवढा गदारोळ झाला. मंगला नारळीकर तेव्हा गणित समितीच्या अध्यक्ष होत्या. भाषा बुडाली असं लोक म्हणत होते, पण अडचण खरी होती. बाई 'साठ आणि तीन, त्रेसष्ट' अशी जोडी म्हणून घेतात. वादात न पडता काम भागतं.

त्यांच्याच वर्गातल्या एका मुलाची पणजी गोवऱ्या 'तीन विसा आन सात' अशा मोजते. ते ६७ मुलांना लगेच कळतं!

३ सप्टेंबर

काल पोळा. दोन दिवस पावसानं मराठवाडा झोडपला, ओढे भरून वाहतात. हजेरी कमी. आलेल्या मुलांशी बैलबाजाराच्या गप्पा झाल्या. हाळी-हंडरगुळीचा बाजार सगळ्यांनी बघितलेला. हेडे (जनावरांचे दलाल) उपरण्याखाली एकमेकांची बोटं धरून सौदा करतात. धरलेली बोटं आकडा सांगतात, आकडा हजाराचा की दहा हजाराचा हे कुणी सांगत नाही. बैल समोर उभा असतो, त्यावरून कळतं. मुलांना विचारलं, मग शून्याची गरज कधी पडते? सातवीतली एक : "बैल समोर नसल्यावर." स्थानिक किंमत शिकवायला मला याहून चांगली सुरुवात अजून कुणी दिलेली नाही.

विटीदांडूतली वकट, लेंड, मूंड, नाल ही मोजणी तेलुगूच आहे, हे देगलूरकडून आलेल्या मुलानं सांगितलं तेव्हा वर्ग हसून लोटपोट झाला.

२७ सप्टेंबर

आतापर्यंतच्या वह्या चाळल्या. एक गोष्ट डोळ्यांत भरली. मोंढा, बैलबाजार, डिझेल, बियाण्याची पिशवी, व्याज हे सगळं मुलग्यांनी आणलेलं. मुलींच्या वह्यांत किराणाही कमी. कारण साधं आहे : गावात पैसे घेऊन दुकानात मुलगा जातो. सातवी-आठवीतल्या मुलीला आडतीवर कोण नेतं? 'व्यवहारातलं गणित' शिकवायचं म्हटलं की आपण नकळत मुलांच्या बाजूनं पारडं झुकवतो, आणि नंतर 'पोरींना गणित अवघड जातं' म्हणायला मोकळे.

म्हणून मुद्दाम रांगोळी घेतली. नवरात्र तोंडावर आहे. तेरा ते सात, अधल्यामधल्या ठिपक्यांची. मधली ओळ १३, मग वर-खाली बारा, अकरा, असं सातापर्यंत. एकूण ठिपके किती? मुलांनी बेरीज मांडली : बारा ते सातची बेरीज ५७, दुप्पट ११४, अधिक १३, म्हणजे १२७. बरोबर. एका मुलीनं बेरीज केलीच नाही. मधला एक ठिपका बोटानं झाकला, उरलेल्या आकाराच्या सहा पाकळ्या पाडल्या. प्रत्येक पाकळीत १ + २ + ३ + ४ + ५ + ६, म्हणजे २१. सहा एकवीस १२६, वर झाकलेला एक. "रांगोळी काढताना बी पाकळ्याच दिसतात, ओळी कोण बघतंय?"

मग पंधरा ते आठचे तिनं तोंडीच सांगितले : सहा अठ्ठावीस १६८, अधिक १, १६९. आणि एकोणीस ते दहा? वर्ग तिच्याकडं वळला. सहा पंचेचाळीस २७०, २७१. त्रिकोणी संख्या पुस्तकात आहेत, पण रेघांच्या ओळीत टाचून ठेवलेल्या. या मुलीला आतापर्यंत मी गणितात मध्यम समजत होतो, तिच्या प्रगतिपुस्तकात तसंच लिहिलेलं आहे. ती चौथीपर्यंतची नोंद आहे, पण कुणी बदलली नाही. या सत्रात बदलेल.

तांड्यावरच्या मुलींनी आईच्या कांचळीवरचं (चोळीवरचं) भरतकाम आणलं. आरशांची सममिती, चौकोन फिरवून तयार होणारे नक्षीचे पट्टे. याच्यावर वेगळा तास लागेल.

२४ ऑक्टोबर

दिवाळीच्या सुट्ट्या आल्या आणि कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला, जाणाऱ्या घरांची बांधाबांध सुरू झाली. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल (आगाऊ रक्कम) घेतलेली. काही मुलं हंगामी वसतिगृहात राहतील, काही जातील. जाणाऱ्यांसाठी हे एकच उदाहरण केलं, आणि वर्षातलं सगळ्यात महत्त्वाचं मला हेच वाटतं.

जानेवारी २०२४ मधल्या ३४ टक्के वाढीनंतर ऊसतोडीचा दर टनाला ३६६ रुपये झाला. एका कोयत्यानं एक लाख उचल घेतली, तर ती फिटायला किती टन तोडायला हवेत? ३६६ × २७३ = ९९,९१८. म्हणजे पावणेतीनशे टनांना थोडे कमी. दिवसाला दोन टन धरले तर १३७ दिवस. हंगाम चालतो साधारण चार-पाच महिने. मुलांनी बोटांवर महिने मोजले. "म्हंजे हातात काय राहत न्हाई?" एक मुलगा म्हणाला, "दीड लाख घेतलेत आमच्यानं." मग त्यानं वहीत गप्प बसून भागाकार केला : ४०९ टन, वर थोडं. दोन टनांनी २०५ दिवस. इतका हंगामच नसतो.

खाड्याची कपात, मुकादमाचं कमिशन, ट्रॅक्टरचा खर्च यात धरलेलाच नाही.

घरच्या गणिताचं कौतुक इथं थांबवावं लागतं. बापाच्या डोक्यात टनांचा अंदाज पक्का असतो, वही मात्र मुकादमाकडं असते. तोंडी हिशोबाची हीच अडचण आहे, पाच महिन्यांनी तो दाखवता येत नाही. मुलांना एक कोरी वही दिली. रोजची खेप, टनांची पावती, खाडे, घेतलेले पैसे, चार रकाने. आईबापांना वाचून दाखवायची. शाळेचं लिखित गणित कशाला लागतं याचं उत्तर मला यापेक्षा चांगलं देता येत नाही.

२० नोव्हेंबर

मतदान केंद्रावर ड्युटी. उपक्रम बंद.

१२ डिसेंबर

शिक्षण परिषदेत प्रकल्प मांडला. रांगोळी सगळ्यांना आवडली. मग एका सरांनी विचारलं, "हे ठीक आहे, पण शिष्यवृत्तीला येतं का?" दुसऱ्यांचं म्हणणं, पालक लातूर पॅटर्न बघतात, आठवीपासून 'नीट'ची भाषा करतात, आपण पायली काढून बसलो तर पोरं काढून नेतील.

हा प्रश्न टाळण्यासारखा नाही. संस्कृती म्हणजे फक्त आज्जीचं मापटं नव्हे. भरपूर सराव, वेगानं उत्तर, पर्यायांतून निवड, 'सर, ट्रिक सांगा' हीसुद्धा आमच्या जिल्ह्याची गणिताची संस्कृतीच आहे आणि तिनं अनेक घरांतली पहिली पिढी डॉक्टर-इंजिनिअर केली, हे नाकारून कसं चालेल? पण तिनं एक सवयही लावली, की दोन रिती असणं म्हणजे वेळ वाया. आणि आमची वर्गाची संस्कृती : 'समजलं का?', 'हो सर'. हे 'हो सर' मी मोजत बसलो नाही, पण आमच्यातल्या कुणालाही ते अनोळखी नव्हतं.

स्टिग्लर आणि हीबर्ट यांनी १९९९ मध्ये जपान, जर्मनी आणि अमेरिकेतल्या आठवीच्या गणिताच्या तासांची चित्रफितींवरून तुलना मांडली. जपानी तासांत मुलं आधी स्वतः झगडतात, मग वेगवेगळ्या रिती फळ्यावर शेजारी शेजारी येतात आणि त्यांची तुलना होते. शिकवणं हीच एक सांस्कृतिक सवय आहे, ती एका प्रशिक्षणानं बदलत नाही, असं त्यांचं म्हणणं. आमच्या परिषदेत ते सगळ्यांना पटलं, आणि चहानंतर पुढचा विषय शालेय पोषण आहाराचे तक्ते.

१ जानेवारी २०२५

परवा येळवस (वेळ अमावस्या, रानातल्या पूजेचा आणि जेवणाचा सण). कोप, आंबील, भज्जी, सगळं झालं. एका पालकाच्या रानात बसल्या बसल्या सहावीचा विषय मिळाला : चार भावांची वाटणी. ३ एकर २० गुंठे. १४० गुंठे भागिले ४, प्रत्येकी ३५. तोंडी झालं. पण सातबारा हेक्टर-आरमध्ये. गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, १०८९ चौरस फूट. आर म्हणजे १०० चौरस मीटर. एक गुंठा १.०११७ आर. गावात दोन्ही एकच समजतात. एका गुंठ्याला फरक नगण्य, पण १४० गुंठ्यांचे १४१.६ आर, दीड आरहून जास्त फरक. बांधावरून भांडणं होतात ती यापेक्षा लहान तुकड्यासाठी. तो पालक म्हणाला, "सर, हे पोरांला शिकवाच."

हिस्सा मात्र अजून 'चार आणे', 'आठ आणे' असाच बोलतात. पिकाचंही तेच. पूर्वी आणेवारी, आता पैसेवारी. अंतिम पैसेवारी ५० पैशांच्या खाली आली की टंचाईची चर्चा सुरू होते, हे इथल्या सहावीच्या मुलाला ठाऊक असतं. ४७ पैसे म्हणजे पिकाचे सत्तेचाळीस शतांश. दशांश अपूर्णांकाचा धडा मी पैसेवारीच्या बातमीवरून घेतला, ०.४७ आणि ०.५ मध्ये मोठं कोणतं यावर एकही मूल फसलं नाही. एरवी '४७ मोठं' म्हणणारे निम्मे तरी असतातच.

११ फेब्रुवारी

या महिन्यात 'नेचर'मध्ये एक अभ्यास आला आहे : अभिजित बॅनर्जी, एस्तेर डुफ्लो, एलिझाबेथ स्पेल्के आणि त्यांचे सहकारी. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारात काम करणाऱ्या मुलांना अवघड व्यवहार तोंडी येतात, शाळेच्या पद्धतीनं मांडलेली सोपी गणितं येत नाहीत. शाळेत जाणाऱ्या, बाजारात काम न करणाऱ्या मुलांचं नेमकं उलटं. आपोआप एकाचं दुसरीकडं जात नाही. म्हणजे 'व्यवहारातून शिकेल हळूहळू' हे आमचं आवडतं वाक्य सोडावं लागेल. त्याचबरोबर पुस्तकाचं पाठ केलं की बाजारात उपयोगी पडेल, हेही.

पूल कुणीतरी बांधायचा असतो. गेले काही आठवडे रोज एकच उदाहरण दोन रितींनी घेतो. मुलगा तोंडी सांगतो, दुसरा ते जसंच्या तसं फळ्यावर लिहितो, मग उभ्या मांडणीतली कोणती ओळ त्यातल्या कोणत्या तुकड्याची हे खडूनं जोडायचं. मापाड्याचा मुलगा आता उत्तर आलं की थांबतो. परवा दशांशचिन्ह चुकलं, स्वतःच म्हणाला, "सात पोत्यांला तीन लाख कोण देतंय?" आणि पुसलं. हातचा अजून विसरतो.

सगळ्यांना हे मानवत नाही. पहिल्या पाचातला एक मुलगा चिडतो. त्याला एक रीत येते, लवकर येते, दुसरी कशाला? त्याची तक्रार रास्त आहे. त्याला सहाला-सातच्या हाली सिक्क्याचं कोडं दिलं, बाकी दर वेळी चारच का. दोन दिवसांनी उत्तर घेऊन आला : १६ नं गुणून ६ नं भागलं तर चाराची बाकी पुन्हा चारावरच कशी येते ते मांडून, आणि खाली टीप, की पै सोळा असत्या तर हे संपलंच नसतं, पण १२ मुळं ४८ ला ६ नं पूर्ण भाग जातो आणि शेवटी बाकी शून्य. म्हणजे आमचं 'तीन वेळा चार' हे शेवटच्या वेळी खरं नव्हतंच, बाकी दोनदाच चार उरते. वर्गात त्यानं ते फळ्यावर दाखवलं.

२६ एप्रिल

संकलित चाचणीचे पेपर तपासतोय. आठवी, गुणाकाराचा प्रश्न, ४ गुण. दोन गुण मांडणीला, दोन उत्तराला. मापाड्याच्या मुलानं मांडणी केलीच नाही, त्याचे तुकडे ओळीनं लिहिले आहेत : सातचे इतके, वरच्या किलोचे इतके, बेरीज. उत्तर बरोबर. मी ४ दिले. मुख्याध्यापकांचं म्हणणं, नमुना उत्तरपत्रिकेत उभी मांडणी आहे, पडताळणीत विचारलं तर काय सांगणार? मी वितरणाचा नियम लिहून पेपराला टाचून ठेवला आहे. सोमवारी केंद्रप्रमुख येणार आहेत, त्यांच्यासमोर मांडू. तोपर्यंत गुणपत्रकात ती चौकट पेन्सिलीनं भरली आहे.

जूनसाठी : व्याजाचा तक्ता सातवीच्या पहिल्याच महिन्यात. पायलीची शाब्दिक उदाहरणं रद्द, दुपटीचं कोडं ठेवायचं. कोयत्यावरून आलेल्या वह्या गोळा करायच्या, काही आल्या आहेत, त्यातल्या एकीत खाड्याचा रकाना आईनं भरला आहे, रेघांनी, पाचव्या रेघेला आडवी काट.